गोव्याच्या जंगलातील नव्या कोळ्याचे वर्णन कसे होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हादई, नेत्रावळी, मोले किंवा खोतीगावच्या जंगलातून कोळ्याची नवी जाती नोंदवली गेल्याची बातमी छापून आली की पुढचे आठ-दहा दिवस ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. काही प्रश्न कुतूहलाचे असतात, काही काळजीचे, तर काहींच्या मागे थोडा रागही असतो आणि तो अगदीच अनाठायी असतो असे नाही. मी वर्गीकरणतज्ज्ञ नाही. तज्ज्ञांबरोबर रानात फिरून नमुने गोळा करणे, बाटल्यांत चिठ्ठ्या घालणे आणि सूक्ष्मदर्शकाखालची मोजमापे वहीत उतरवणे ही कामे मी केली आहेत, आणि पुढची उत्तरे त्या अनुभवातून लिहिली आहेत.

नवी जाती म्हणजे काय? तो कोळी कालपर्यंत जंगलात नव्हता का?

तो होताच, आणि बहुधा माणसाने सह्याद्रीत पहिले पाऊल टाकण्याच्या आधीपासून होता. गुराख्यांनी आणि कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, शिंपणे करणाऱ्यांनी तो अनेकदा पाहिलेलाही असेल. ‘नवी’ याचा अर्थ एवढाच की त्या जातीचे वर्णन आजवर कोणी शास्त्रीय नियमांनुसार प्रसिद्ध केले नव्हते आणि तिला नाव नव्हते. म्हणून ‘शोध लागला’ यापेक्षा ‘नोंद झाली’ हा शब्दप्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

येथे एक भाषिक खुलासा आवश्यक आहे. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती’ असे सर्रास छापले जाते, परंतु जीवशास्त्राच्या अनेक मराठी पुस्तकांत एकमेकांच्या निकट असलेल्या अनेक जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात. या पानावर जाती आणि प्रजाती हे शब्द याच अर्थाने वापरले आहेत. आणि ‘कोळी’ म्हणजे अर्थातच आठ पायांचा. मासेमारी करणाऱ्यांना आपल्याकडे खारवी म्हणतात, त्यामुळे गोव्यात तरी हा घोटाळा फारसा होत नाही.

ती नवीच आहे हे कशावरून ठरवतात?

सगळे काम या एका प्रश्नाभोवती फिरते, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

रंग, आकार किंवा पाठीवरची नक्षी यांवर कोळ्यांच्या बाबतीत फार विसंबता येत नाही. एकाच जातीच्या नर आणि मादीत इतका फरक असू शकतो की ते दोघे दोन वेगळे प्राणी वाटावेत. वडाच्या किंवा फणसाच्या उंचीवर भले मोठे सोनेरी जाळे विणणाऱ्या महाकाय रानकोळ्याची मादी माणसाच्या तळव्याएवढी पसरते, तर त्याच जाळ्याच्या कडेला राहणारा तिचा नर नखाएवढाही भरत नाही. याउलट, बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन कोळी निराळ्या जातींचे निघतात.

म्हणून निर्णय बहुतेक वेळा जननेंद्रियांच्या रचनेवरून होतो. नराच्या तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन छोटे अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. त्यांच्या टोकाला शुक्र साठवून मादीपर्यंत पोहोचवणारी गुंतागुंतीची रचना असते. मादीच्या पोटाखाली एपिगाइन नावाची कठीण चकती असते आणि तिच्या आत नलिका व पिशव्या असतात. मादीची ही आतली रचना पाहण्यासाठी तो भाग अलगद कापून काढतात आणि मऊ ऊती विरघळवणाऱ्या द्रावणात ठेवून पारदर्शक करतात. मिलिमीटरभराच्या या भागातले एखाद्या काट्याचे वळण किंवा नलिकेचा एक जादा वेढा दोन जातींमधली सीमा दाखवून देतो.

त्यानंतरचे काम अधिक कंटाळवाणे असते. हे वळण पूर्वी कोणी रेखाटलेले तर नाही ना, हे तपासावे लागते. प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात 1758 मध्ये लिनियसच्या ग्रंथापासून धरली जाते, पण कोळ्यांना त्यात अपवाद आहे. कार्ल क्लर्क या स्वीडिश अभ्यासकाने 1757 मध्ये छापलेली नावे कोळ्यांसाठी ग्राह्य मानली जातात. म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षांचे लेखन डोळ्यांखालून घालायचे. बर्न येथील निसर्गविज्ञान संग्रहालयाची जागतिक कोळी सूची संगणकावर उपलब्ध असल्यामुळे हे काम आज शक्य कोटीतले झाले आहे. त्या सूचीने एप्रिल 2022 मध्ये 50,000 जातींचा टप्पा ओलांडला.

भारतीय कोळ्यांची अडचण अशी की जुनी वर्णने अनेकदा त्रोटक आहेत. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी 1899 आणि 1900 मध्ये येथील कितीतरी जातींना नावे दिली, परंतु काही वर्णने एकाच नमुन्यावर आणि एकाच लिंगावर आधारलेली आहेत आणि मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. समजा, एखाद्या जातीची फक्त मादी तेव्हा वर्णिली गेली आणि आज आपल्या हाती नर आला, तर तो नवा की त्या मादीचाच जोडीदार, हे ठरवणे सोपे नसते. ‘नवी जाती सापडली’ अशा उत्साहाने सुरू झालेली कितीतरी प्रकरणे ‘जुन्या जातीचा नर प्रथमच सापडला’ येथे येऊन थांबतात. बातमी म्हणून ते फिके वाटते, पण मला त्या शोधाची किंमत कमी वाटत नाही.

चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो पुरेसे नाहीत का?

शोधाची सुरुवात फोटोपासून होऊ शकते आणि अलीकडे ती वारंवार होते. जिवंतपणीचा रंग, बसण्याची ढब, जाळ्याची ठेवण या गोष्टी फोटोतच टिकतात, कारण अल्कोहोलमध्ये रंग लवकरच उडतात. परंतु वर म्हटलेली आतली रचना कोणत्याही फोटोत दिसत नाही, आणि पुढे कोणाला शंका आली तर फोटो पुन्हा कापून पाहता येत नाही.

मग कोळ्याला मारावेच लागते का?

होय, आणि हे गुळमुळीत शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. नव्या जातीचे नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. त्याला होलोटाइप म्हणतात. नाव कोणाचे, हा वाद पन्नास किंवा शंभर वर्षांनी उद्भवला तरी निवाडा त्या एका नमुन्याकडे पाहून होतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 1999 नंतर प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही नव्या जातीसाठी असा नमुना स्पष्टपणे ठरवणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाणार हे सांगणे बंधनकारक आहे.

तरीही प्रमाणाचे भान ठेवावे लागते. दोन-तीन नर आणि तेवढ्याच माद्या मिळाल्या की बहुतेक वेळा काम भागते. बिळात राहणाऱ्या टॅरंट्युलाच्या, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याच्या, बाबतीत तर अधिकच हात आखडता घ्यावा, कारण त्यांच्या माद्या वर्षानुवर्षे जगतात आणि एक मादी उचलली की ते बीळ ओस पडते. ऑस्ट्रेलियातील झडपेच्या बिळात राहणारी एक मादी अभ्यासकांच्या नोंदीनुसार 43 वर्षे जगली होती. रस्तारुंदीकरणात किंवा चिऱ्यांच्या खाणीत एका दिवसात किती कोळी जातात, हा हिशेब पुष्कळ जण पुढे करतात. तो खोटा नाही, पण दुसऱ्याचे नुकसान मोठे आहे म्हणून आपले नुकसान धुऊन निघत नाही, असे माझे मत आहे.

अभयारण्यातून कोळी गोळा करायला परवानगी लागते का?

लागते. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 च्या 28व्या कलमानुसार संशोधनासाठी अभयारण्यात प्रवेश देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. ‘कोळीच तर आहे’ ही सबब तेथे चालत नाही. त्याखेरीज जैविक विविधता कायदा, 2002 च्या 39व्या कलमाप्रमाणे नवी जाती सापडल्यास त्यासाठी नेमलेल्या संस्थेला कळवून तिच्याकडे नमुना जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ही जबाबदारी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे आहे. 1916 मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे मुख्यालय कोलकात्यात असून पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

नमुने कधी आणि कसे गोळा करतात?

पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत फलदायी असतात. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. किडे वाढतात, त्यांच्यामागोमाग कोळीही प्रौढ होतात. साधने साधी असतात. फांदीखाली पांढरी छत्री उलटी धरून काठीने फांदी झोडपायची, रानातला पातेरा मोठ्या चाळणीने चाळायचा, छोटे कोळी नळीने ओढून घ्यायचे. रात्री डोक्याला विजेरी बांधून फिरले की जमिनीवर हिंडणाऱ्या लांडगा-कोळ्यांचे डोळे दवबिंदूंसारखे चमकतात आणि प्रत्येक चमक मोजता मोजता वाट चुकते, हा अनुभव बहुतेकांनी एकदा तरी घेतलेला असतो.

पकडलेला कोळी अपूर्ण वाढीचा असेल तर जननेंद्रिये तयार झालेली नसतात आणि त्यावरून जाती ठरवता येत नाही. अशा वेळी त्याला बाटलीत ठेवून, माश्या किंवा लहान झुरळे खायला घालून, शेवटची कात टाकेपर्यंत वाढवावे लागते. कधी हे काम पंधरा दिवसांत होते, कधी महिनोन्‌महिने लागतात आणि कधी ऐन शेवटच्या कातीच्या वेळी कोळी मरतो. बाटलीवर तारीख, जागा आणि अक्षांश-रेखांश लिहिलेली चिठ्ठी नसेल तर उत्तमातला उत्तम नमुनाही निरुपयोगी ठरतो. ती चिठ्ठी पेन्सिलने लिहितात, कारण अल्कोहोलमध्ये शाई पसरते.

ज्यांना हौस म्हणून रानात जावेसे वाटते त्यांच्यासाठी एक सूचना: सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांत असतो. पावसाळ्यातल्या जळवा त्रासदायक असतात, पण रोगाच्या दृष्टीने भीती बाळगायची तर ती गोचिडीची.

प्रत्यक्ष वर्णनात काय लिहिलेले असते?

वाचायला घेतले तर ते अतिशय रुक्ष वाटते. शिरोवक्षाची (डोके आणि छाती मिळून झालेल्या भागाची) लांबी-रुंदी, उदराची लांबी-रुंदी, आठ डोळ्यांचे व्यास आणि त्यांच्यातील अंतरे, प्रत्येक पायाच्या प्रत्येक खंडाची लांबी, हे सगळे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. पायांचे सूत्र लिहितात: 4123 असे लिहिले असेल तर चौथा पाय सर्वांत लांब, मग पहिला, मग दुसरा आणि तिसरा सर्वांत आखूड. पाल्प आणि एपिगाइनची रेखाचित्रे दोन-तीन बाजूंनी काढतात. फोटो कितीही स्पष्ट असला तरी हाताने काढलेल्या रेखाचित्राची जागा तो पूर्णपणे घेऊ शकलेला नाही, कारण काय महत्त्वाचे आहे आणि काय नाही हा निर्णय चित्र काढणाऱ्याने रेघ ओढतानाच घेतलेला असतो.

या सगळ्यात कळीचा असतो तो ‘निदान’ हा छोटा परिच्छेद. ही जाती तिच्या सर्वांत जवळच्या जातीपासून कोणत्या लक्षणाने वेगळी आहे, हे तेथे दोन-चार वाक्यांत सांगावे लागते. ते सांगता येत नसेल तर बाकीची वीस पाने व्यर्थ आहेत.

अलीकडे एक पाय तोडून त्यातला डीएनएही वाचतात. सुमारे 658 अक्षरांचा एक ठरावीक जनुकखंड तुलनेसाठी वापरतात. एरवी ज्यांची जोडी जुळवणे अवघड जाते असा नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे दाखवायला त्याचा फार उपयोग होतो. मात्र केवळ डीएनएच्या फरकावरून जाती वेगळी काढण्याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

नाव कोण ठरवते? ते मराठी किंवा कोंकणी असू शकते का?

वर्णन करणारे अभ्यासक नाव ठरवतात. नाव रोमन लिपीत आणि दोन शब्दांचे असावे लागते: पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. दुसरा शब्द कोणत्याही भाषेतून घेता येतो. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात कसाबला पकडताना प्राण गमावलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ महाराष्ट्रातील एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये ‘इशियस तुकारामी’ हे नाव मिळाले. त्याआधी 2019 मध्ये ‘मारेंगो सचिनतेंडुलकर’ हे नाव प्रसिद्ध झाले होते. तो कोळीही उड्या मारणाराच आहे. स्थळावरून नाव देण्याची परंपरा जुनी आहे. 2007 मध्ये वर्णिलेल्या देवगांडुळाच्या (गांडुळासारख्या दिसणाऱ्या, पाय नसलेल्या उभयचराच्या) दोन जातींची नावे ‘गोवाएन्सिस’ आणि ‘म्हादेइएन्सिस’ अशी आहेत, आणि सुर्लाच्या सड्यावरील एका बेडकाचे ‘गोएम्ची’ हे नाव तर सरळ कोंकणीतून घेतले आहे.

स्वतःचे नाव स्वतःच्या जातीला देण्यास संहितेत मनाई नाही, परंतु ते हास्यास्पद समजले जाते. आणखी एक गंमत म्हणजे वर्णन इंग्रजीतच असावे असाही नियम नाही. जगभर समजणारी भाषा वापरावी एवढी शिफारस आहे. तत्त्वतः मराठीत लिहिलेले वर्णनही ग्राह्य धरता येईल. ते वाचून तपासणारे किती मिळतील हा भाग वेगळा.

एवढे सगळे व्हायला किती काळ लागतो?

सर्व काही जुळून आले तर एक-दोन वर्षे. एरवी पुष्कळ अधिक. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की नमुना गोळा झाल्यापासून त्याचे वर्णन छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षे जातात. तो अभ्यास केवळ कोळ्यांचा नव्हता, पण कपाटातल्या बाटल्यांकडे पाहिले की तो आकडा खरा वाटतो.

हा नवा कोळी विषारी आहे का?

मोजकी कुळे सोडली तर सगळ्याच कोळ्यांना विष असते, कारण भक्ष्य निपचित पाडण्याचे तेच त्यांचे साधन आहे. पण ते माणसाला अपाय करते का, हा खरा प्रश्न, आणि बहुसंख्य जातींबाबत त्याचे उत्तर नाही असे आहे. अनेकांचे दात आपल्या कातडीत शिरतही नाहीत. झाडांवर राहणाऱ्या काही टॅरंट्युलांच्या चाव्याने तीव्र वेदना आणि स्नायूंत गोळे येऊ शकतात, त्यामुळे मोठा केसाळ कोळी हातात घेऊ नये.

तो फक्त गोव्यातच कसा काय आढळतो?

बातमीतले ‘फक्त गोव्यात’ हे शब्द जपून वाचावेत. बहुतेक वेळा त्यांचा अर्थ ‘आतापर्यंत फक्त येथेच शोधला गेला’ एवढाच असतो. राज्याची सीमा कोळ्याला ठाऊक नसते. चोर्ला घाटात एका ओहोळाच्या अलीकडे गोवा, पलीकडे कर्नाटक आणि थोड्याच अंतरावर महाराष्ट्र आहे.

तरीही खरोखरच छोट्या टापूत अडकलेल्या जाती असतात. पुष्कळ कोळ्यांची पिल्ले रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडून दूरवर उडत जातात. टॅरंट्युला आणि झडपवाले कोळी सहसा तसे करत नाहीत. पिल्लू आईच्या बिळापासून चार पावलांवर आपले बीळ खणते. मग एखादी दरी किंवा उघडा सडाही त्यांना ओलांडता येत नाही आणि दोन डोंगरांवरची कुटुंबे लाखो वर्षांत दोन जाती होऊन बसतात. ‘थ्रिग्मोपियस’ ही टॅरंट्युलांची प्रजाती पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. तिच्या दोन जाती पोकॉक यांनी 1899 मध्येच वर्णिल्या आणि ती गोव्याच्या जंगलांतही आहे.

नाव चुकीचे ठरले तर?

तसे घडते. ज्याला नवी जाती समजलो ती पूर्वीच नोंदलेली होती असे दाखवता आले तर जुने नाव राहते आणि नवे त्याचे समानार्थी म्हणून सूचीत खाली जाते. यात बेअब्रू मानण्याचे कारण नाही. वर्णन इतके तपशीलवार लिहितात ते नेमके यासाठीच, की दुसऱ्याला ते खोडून काढता यावे.

बातमीत नेमकी जागा का सांगत नाहीत?

कारण पाळीव प्राण्यांच्या बाजारात दुर्मीळ टॅरंट्युलांना मोठी किंमत येते. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे सापडलेल्या निळ्या टॅरंट्युलाचे वर्णन 1899 मध्ये झाले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे खरे रान सापडले आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. त्याच्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 पासून नियंत्रित करण्यात आला आहे. म्हणून अशा कोळ्यांच्या बाबतीत शोधनिबंधात तालुका किंवा अभयारण्य एवढेच छापणे शहाणपणाचे, आणि अचूक अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या नोंदीत ठेवावेत.

आमच्या कुळागरात एक विचित्र कोळी दिसला. आम्ही काय करावे?

पकडू नका. समोरून, वरून आणि शक्य असल्यास पोटाकडून असे तीन फोटो काढा, शेजारी नाणे किंवा पट्टी धरा म्हणजे आकार कळेल. कोणत्या झाडावर, जमिनीपासून किती उंचीवर, जाळे होते की नव्हते आणि दिवसाची वेळ कोणती, हे त्याच वेळी लिहून ठेवा, कारण घरी गेल्यावर नेमके हेच आठवत नाही. पायांची संख्याही मोजा. आंब्यावरच्या तांबड्या हुमल्यांमध्ये (मुंग्यांमध्ये) एखादा हुमला जरा वेगळा चालताना दिसला आणि त्याला आठ पाय निघाले, तर तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी आहे. ती जाती विज्ञानाला पूर्वीपासून ठाऊक आहे, पण तुमच्या झाडावर ती आहे हे बहुधा कोणी लिहून ठेवलेले नसेल, तेव्हा तोही फोटो पाठवा.